ड्यूटी भरा, पिंप न्या

माझी नात हळदीच्या पाटावर निळी पडली. अंगाला हळद लागलेली आणि ओठ मूठभर जांभळं खाल्ल्यासारखे. गाणी म्हणणारी धवलारीण मध्येच थांबली म्हणून सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं, तर तिचीही नखं तशीच. मग शेजारीण मांडवाचा खांब धरून खाली बसली आणि ओकली. माझी जाऊ तर त्याआधीच चुलीपाशी आडवी झाली होती. आम्हाला वाटलं, पहाटेपासून राबली म्हणून थकली.

सगळ्यांच्या पोटात एकच गोष्ट गेली होती, कोकमाचं सरबत. मला साखरेचा आजार, म्हणून मी प्याले नव्हते. सरबत केलं होतं निळ्या पिंपात. पिंप जावेनं आणलं होतं, औषधाच्या कारखान्याचं भंगार विकणाऱ्याकडून.

गावात दवाखाना चालवणारी डॉक्टरीण धावत आली. तिनं नातीच्या दंडातून रक्त काढलं, ते चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी निघालं.

"हे कशानं होतं याचा मला अंदाज आहे," ती म्हणाली, "पण पिंपात आधी काय होतं ते नक्की सांगा. अंदाजानं सुई टोचली आणि चुकली, तर हिला मीच मारीन."

कोण सांगणार? पिंपावरची चिठ्ठी जावेनं घासून काढली होती. मुलानं कारखान्यात फोन लावला, तर तिकडचा माणूस म्हणाला, ते पिंप आमचं नाहीच, आणि फोन ठेवला.

ओटीवर माझा भाडेकरू बसला होता. कस्टममधून निवृत्त झालेला अधिकारी. मांडवात एवढी रडारड चाललेली, आणि तो सावकाश उठला, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि मला म्हणाला, "मालकीणबाई, हे पिंप गेटाबाहेर कधी आलं? झोन मोडण्याच्या आधी की नंतर?"

माझ्या हातात तांब्या होता. तो मी त्याच्या डोक्यात घालणार होते.

हा माणूस आमच्याकडं आला तो कारखाना उभा राहिला तेव्हा. आमची आणि आसपासची खारजमीन गेली, भातखाचरांवर भराव पडला, कुंपण आलं. सरकारनं ठरवलं की कुंपणाच्या आतली जागा व्यापारापुरती देशाबाहेरची धरायची; तिलाच झोन म्हणायचे. त्याची नेमणूक त्या गेटावर. खोली पाहिजे म्हणून तो माझ्या दारात आला तेव्हा आधी विचारलं काय, तर "खिडकीतून गेट दिसतं का?" दिसत होतं. भाड्याची घासाघीस न करता राहिला.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पण गेटाचा कायदा त्यानं मला इतक्या वेळा समजावला की झोपेतून उठवलं तरी सांगीन. माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर काठी ठेवून तो सांगायचा.

"हा उंबरा म्हणजे गेट. औषधाचा कच्चा माल परदेशातून येतो. तो देशात उतरवला तर सरकारला ड्यूटी, म्हणजे जकात, भरायची. पण गेटाच्या आत नेला तर ड्यूटी नाही, कारण आत देशच नाही. आत औषध करा, बोटीत घाला, परदेशात पाठवा, कोणी विचारणार नाही. पण त्यातली एक गोळी जरी पनवेलच्या दुकानात विकायची म्हटली, तरी ती परदेशातून आली असं धरायचं. ड्यूटी भरा आणि मग बाहेर काढा."

"म्हंजे आमच्या शेतात केलेली गोळी आमालाच परदेशी?"

"बरोबर."

"आणि माझी जमीन कुठं गेली?"

"कुठं जाईल? जागेवरच आहे. फक्त देशाबाहेर आहे."

हे तो चेष्टेनं म्हणत नसे. त्याला चेष्टा येतच नव्हती.

संध्याकाळी गेटाबाहेर पडताना तो थांबायचा आणि दोन्ही चपला एकमेकींवर आपटायचा. आतली माती आत. खिशाला दोन पेनं, एक आत लिहायचं, एक बाहेर. आतलं पेन तो वॉचमनकडं ठेवून यायचा. दुपारचा डबा माझा. डबा आत न्यायला हरकत नव्हती, पण उरलेलं अन्न बाहेर आणायचं म्हणजे काय धरायचं, हे कुठल्याच नियमात त्याला सापडलं नाही. म्हणून तो काही उरवतच नसे. भेंडी जळू दे, आमटी खारट होऊ दे, डबा पुसून स्वच्छ. पहिलं वर्षभर मला वाटायचं, माझ्या हाताला चव आहे. खरं कारण कळलं तेव्हा मी मुद्दाम दोन दिवस कारल्याची भाजी दिली. तीही खाल्ली.

मासे मात्र खायचा नाही. घाटावरचा, जन्माचा शाकाहारी. आम्ही अंगणात बोंबील वाळत घातले की हा नाकाला रुमाल बांधून खिडकी लावून घ्यायचा. मी म्हणायची, "वास सोसत न्हाय तर समुद्राकडं कशाला आलात?" तर म्हणायचा, "बदली झाली म्हणून." पण नाक तिखट. आत बसल्या बसल्या सांगायचा, "आज बोंबील नाहीत, जवळा आहे." बरोबर असायचं. आमच्या नाकाला तो फरक जाणवत नसे. जन्मापासून त्याच वासात वाढलो, आम्हाला तो हवेसारखा.

रविवारी तो एसटीनं चौलला जायचा. देवळं बघायला नव्हे. जुन्या काळी तिथं बंदर होतं, जहाजं लागायची, मालावर जकात घ्यायचे, असं कुठंतरी वाचलं होतं त्यानं. नारळीच्या बागेत, जिथं पूर्वी धक्का असावा असं त्याला वाटायचं, तिथं जाऊन उभा राहायचा. एकदा मी चौलच्या नातेवाइकांकडं गेले होते, तेव्हा त्याला बघितलं. हात मागं बांधून, झाडांकडं तोंड करून. मी विचारलं, "कोणाला बघताय?"

"आमच्या खात्यातली माणसं इथं बसत असतील," तो म्हणाला.

मी म्हटलं, बसत असतील तर बसू देत, आणि माझ्या वाटेनं गेले.

गावदेवीचं देऊळ कुंपणाच्या आत राहिलं होतं. वर्षातून एकदा पूजेला आत सोडायचे. पहिल्या वर्षी पूजा झाली आणि आम्ही बायका प्रसादाचं खोबरं घेऊन निघालो, तर हा गेटात आडवा.

"हे बाहेर नेता येणार नाही."

माझी जाऊ पुढं झाली. तिच्या तोंडाला गावात कोणी लागत नसे. "का न्हाय? ह्यो परसाद हाय. माल हाय का ह्यो?"

"बाई, आत गेला तो नारळ. बाहेर येतंय ते खोबरं. फोडलं, तुकडे केले, म्हणजे वस्तू बदलली. बदललेली वस्तू बाहेर आली की ड्यूटी बसते."

"मंग देवीला सांग भराय. तिनं फोडून घेतला."

बायका हसल्या. तो हसला नाही. खरंच विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, "असं करा, आतच खाऊन घ्या."

सगळा गाव उन्हात डांबरी रस्त्यावर बसून खोबरं चावत राहिला. घरी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना त्या वर्षी प्रसाद नाही. जावेनं सासूसाठी एक तुकडा अंबाड्यात खोचला. गेटातून जाताना त्यानं विचारलं, "बाई, अंबाड्यात काय आहे?"

"उवा हायेत. काढून देऊ का मोजाय?"

त्यानं तोंड फिरवलं. तुकडा त्याला दिसला होता, मला खात्री आहे. त्यानं आयुष्यात जाऊ दिलेला माल तेवढाच असावा.

गावाचा त्याच्यावर खरा राग होता तो पिंपांवरून. आमच्याकडं नळाला पाणी येतं तेव्हा येतं. घरात मोठं पिंप असलं की बाई निश्चिंत. कारखान्यात परदेशातून पातळ माल यायचा तो जाड निळ्या पिंपांतून. माल संपला की रिकामी पिंपं कुंपणाशी रचून ठेवायचे. झाकण घट्ट बसणारी, चुलीएवढ्या तोंडाची, फुटता फुटणार नाहीत अशी. बायका तारेला चिकटून बघत राहायच्या. कोणी मागायला गेलं की याचं एकच उत्तर.

"ड्यूटी भरा, पिंप न्या."

ड्यूटी भरायला कंपनी तयार नव्हती आणि आम्हाला ती भरता येत नव्हती. मग तो कुऱ्हाडवाले बोलवायचा आणि समोर उभा राहून पिंपं फोडून घ्यायचा. फोडून निकामी केलेल्या मालावर ड्यूटी लागत नाही, अख्ख्यावर लागते. एवढं साधं. कुऱ्हाड पडली की इकडं बायका शिव्या घालायच्या.

"चांगली पिंपं फोडतो मेला!" जाऊ तारेपलीकडून ओरडायची. "मरशील तवा तोंडात पानी घालाय कोनी मिळायचं न्हाय तुला!"

रात्री जेवताना तो मला म्हणाला, "तुमच्या जाऊबाईंचा गैरसमज झालाय. माझं पिंपांशी वैर नाही."

पुढं कंपनीचं गणित बदललं. परदेशात औषध जाईना, देशात विकायचं तर प्रत्येक गाडीला ड्यूटी. म्हणून त्यांनी सरकारला कळवलं की आम्हाला झोन नको, साधा कारखाना करा. त्यासाठी आजवर माफ झालेली ड्यूटी यंत्रांवर, उरलेल्या मालावर, सगळ्यावर भरावी लागली. त्या दिवसांत तो फार खूश होता. सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. आतल्या दवाखान्याच्या कपाटातलं कापसाचं बंडलसुद्धा त्यानं सोडलं नाही.

मग एका दिवशी गेटावरची झोनची पाटी उतरली. त्याच सुमाराला त्याचीही नोकरी संपली. वॉचमननं मला सांगितलं की त्या दिवशी साहेब एक पाय आत, एक पाय बाहेर असा गेटात बराच वेळ उभा होता. शेवटी त्यानं विचारलं, "मी आता कुठं उभा आहे?"

"गेटात, सायेब," वॉचमन म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

त्याची लेक नागपूरला होती, बोलवत होती. हा गेला नाही. भाडं देत राहिला आणि ओटीवर बसून गेटातून न थांबता जाणाऱ्या गाड्या बघत राहिला. "कोणीही काहीही नेतंय," एवढंच म्हणायचा. मी म्हटलं, "नेऊ देत की. तुमच्या बापाचं काय जातंय?" त्यावर त्यानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

पिंपंही निघाली. भंगारवाला ती आता अख्खी उचलायचा आणि टेंपोतून दारोदार विकायचा. पहिलं घेतलं माझ्या जावेनं. नातीच्या हळदीला पाहुण्यांसाठी सरबत त्यातच करायचं, असं तिनं ठरवलं. राख, चिंच आणि नारळाचा काथ्या घेऊन ती खांद्यापर्यंत हात आत घालून घासत बसली. डोकंसुद्धा आत. मी विचारलं, "झालं का गो स्वच्छ?"

"झालं. जरा मावऱ्याचा वास मारतोय."

मावरं म्हणजे मासे. आम्ही दोघींनी ठरवलं, आधी कोणी मासळीवालीनं वापरलं असेल. भंगारवाल्याकडं काय, कुठूनही येतं. आमच्याकडं माशाच्या वासानं कोणी भांडं टाकत नाही. टाकायचं ठरवलं तर घरात एक भांडं राहणार नाही.

तर तांब्या माझ्या हातात होता.

"झोन मोडल्यावर आलंय," माझा मुलगा ओरडला. तो नातीचा बाप, त्याला काही सुचत नव्हतं. "गेल्या आठवड्यात आलंय. त्याचं काय?"

"आधी आलं असतं तर मी एका मालाचं नाव सोडून दिलं असतं," तो म्हणाला. "त्या मालाची पिंपं अख्खी बाहेर पडूच शकत नव्हती." आणि जाऊन त्यानं सरबताच्या पिंपात डोकं घातलं. बाहेर आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, वासानं.

"सडक्या माशासारखं," तो म्हणाला.

"अहो सायेब, इथं सगळ्यालाच तो वास येतो!" मी म्हटलं.

"मालकीणबाई, तुमच्या बोंबलाचा वास मी रोज सोसलाय. हा तो नाही." मग डॉक्टरणीकडं वळला. "ॲनिलिन नावाचं रसायन. या मालाला कुठला दर लावायचा यावरून माझं कंपनीशी भांडण होतं. नमुना मी स्वतः बाटलीत भरून तपासायला पाठवला होता."

डॉक्टरणीनं डोळे मिटून मान हलवली. तिच्याही मनात तेच होतं. "आंबट सरबतात ते चटकन उतरलं असणार," ती म्हणाली. "याला निळ्या रंगाचं एक इंजेक्शन लागतं. माझ्याकडं नाही. अलिबागहून यायला वेळ जाईल. पण हा माल वापरणाऱ्या कारखान्यानं ते ठेवायलाच पाहिजे."

मुलाची मिनीडोर रिक्षा दारातच होती, पाहुण्यांना आणायला हार घालून ठेवलेली. ती घेऊन आम्ही निघालो, मुलगा, तो आणि मी. मी गेले, कारण ओरडायला कोणीतरी पाहिजे होतं. तो ओरडणारा नव्हता.

गेटातून आत जायला अडचण आली नाही, वॉचमन त्याला ओळखत होता. आतल्या दवाखान्यात कंपाउंडर होता. त्यानं इंजेक्शनची पेटी कपाटातून काढली आणि छातीशी धरली. "मॅनेजरला विचारल्याशिवाय देता येत नाही. ही कंपनीच्या कामगारांसाठी आहे."

मी तोंड उघडलं, तर यानं मला हातानं थांबवलं.

"ही पेटी परदेशातून आली तेव्हा मी बघितली होती," तो म्हणाला. "ड्यूटी माफ होती, म्हणून आतच ठेवावी लागली. झोन मोडताना कंपनीनं तिची ड्यूटी भरली. मी भरून घेतली. आता ही पेटी देशी आहे. देशातल्या माणसाला द्यायला हरकत नाही."

कंपाउंडरला त्यातलं काय कळलं देव जाणे. पण साहेबी आवाज ऐकून त्याचे हात सैल झाले. यानं पेटी घेतली.

परत गेटाशी आलो, तर वॉचमननं दांडा खाली टाकला.

"सायेब, पास?"

"पास नाही."

"मंग न्हाय सोडता येत. तुमीच शिकवलंय, सख्खा बाप आला तरी पासाबिगर टाचनी जाऊ द्यायची न्हाय."

मी रिक्षातून उतरले आणि त्या वॉचमनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो माझ्या माहेरच्या गावचा, गप्प ऐकून घेत होता, पण दांडा वर करीना. त्याला या माणसानंच इतकी वर्षं घासून कडक केला होता. मग हा खाली उतरला. पेटी दोन्ही हातांत.

"मी शिकवलं ते तेव्हाचं होतं," तो म्हणाला. "तेव्हा इथं हद्द होती. आता नाही. आता इकडं आणि तिकडं एकच देश आहे. हे नुसतं गेट आहे."

वॉचमननं त्याच्याकडं बघितलं, दांडा वर केला. हा चालतच बाहेर पडला. पेटी मांडीवर धरून रिक्षात बसला.

डॉक्टरणीनं आधी जावेला सुई दिली, ती सगळ्यांत वाईट होती. सरबत तर ती प्याली होतीच, शिवाय आदल्या दिवशी घासताना हातांच्या कातडीतून ते अंगात मुरलं होतं. मग नातीला. दोघींच्या शिरेत ते निळं पाणी हळूहळू जाताना मी बघत होते. नातीच्या ओठांचा रंग बदलायला लागला, आधी राखेसारखा, मग फिका, मग तिचा तिला. बाकीच्यांनाही मिळालं, आणि त्या औषधानं सगळ्यांची लघवी निळी झाली. पुढं कितीतरी दिवस बायका परसातून येताना एकमेकींना विचारायच्या, "तुझी अजून निळीच का गो?" आणि हसायच्या. मला हसू येत नव्हतं, पण मी त्यांना हसू दिलं.

जावेचा मुलगा सुतक संपल्यावर माझ्या भाडेकरूकडं आला. ओटीच्या पायरीवर बसून म्हणाला, "सायेब, तुमी ती पिंपा फोडत व्हता तेच बरं व्हतं. आमालाच समजलं न्हाय. आमच्यासाठी फोडत व्हता."

"नाही," तो म्हणाला. "तुमच्यासाठी नव्हतो फोडत. विषाचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. अख्ख्या पिंपावर ड्यूटी लागते, फोडलेल्यावर लागत नाही, म्हणून फोडत होतो."

मुलगा उठून गेला. मी आतून ऐकत होते. बाहेर येऊन म्हटलं, "व्हय म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? त्याची आई गेली हाय."

"खोटं कशाला सांगू?"

मला तो माणूस आवडायचा असं नाही. पण माझ्या घरात इतकी वर्षं राहून तो माझ्याशी एकदाही खोटं बोलला नाही, आणि हे मी माझ्या सख्ख्या माणसांबद्दल म्हणू शकत नाही.

पावसाळा संपल्यावर लेक येऊन त्याला नागपूरला घेऊन गेली. भंगारवाल्यावर खटला चालू आहे. कंपनी अजून म्हणते, पिंप आमचं नव्हतं.

सरबत प्यालेल्यांपैकी माझी जाऊ त्याच दिवशी दुपारी अलिबागच्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेली. धवलारीण वाचली. शेजारीण वाचली. मांडवात सनई वाजवणारा वाचला. नात वाचली.